आउटबोर्ड मोटरीचा स्टार्टर : बिघाड आणि देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवगड, वेंगुर्ला, हर्णै आणि गोव्याच्या किनाऱ्यावर फायबर होड्या आणि पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्यांकडून आउटबोर्ड मोटरीच्या (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या) स्टार्टरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. बॅटरीविषयीची उत्तरे १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला लागू आहेत. एखाद्या आकड्याबाबत आपल्या मोटरीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

१. दोरीचा स्टार्टर आणि सेल्फ यांचे काम कसे चालते? माझ्या मोटरीला दोन्ही आहेत.

दोन्हींचे काम एकच आहे : मोटरीच्या माथ्यावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, पुरेशा वेगाने फिरवून देणे. दोरीच्या स्टार्टरमध्ये झाकणाखाली एक चकरी असते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते आणि चकरीच्या आत चपटी गुंडाळी स्प्रिंग असते. दोरी ओढली की चकरीवरचा खटका बाहेर येऊन फ्लायव्हीलच्या वाटीत अडकतो. मोटर सुरू झाली की खटका आपोआप सुटतो आणि स्प्रिंग दोरी परत आत घेते.

सेल्फ ही बॅटरीवर चालणारी विजेची मोटर असते. चावी फिरवल्यावर बारीक वायरीतून थोडा प्रवाह रिलेकडे (विजेवर चालणाऱ्या स्विचकडे) जातो, रिले आतला जाड संपर्क जोडतो आणि बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतो. सेल्फच्या दांड्यावर पेचदार खाचा असतात. दांडा झटक्याने फिरताच त्या खाचांवरून बेंडिक्सचे लहान दातेरी चाक वर उसळते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते. काही मोठ्या फोर-स्ट्रोक मोटरींत हे चाक सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) ढकलले जाते, परंतु पुढील तपासणीचा क्रम तेथेही फारसा बदलत नाही.

२. चावी फिरवली तरी काहीच होत नाही, टक् असा आवाजसुद्धा येत नाही. सुरुवात कुठून करावी?

आवाजच नसेल तर दोष बहुधा बारीक वायरींच्या बाजूला असतो. सेल्फचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रथम गिअर नीट न्यूट्रलमध्ये आहे का ते पाहावे, कारण गिअर लागलेला असताना सेल्फ फिरू नये म्हणून कंट्रोल बॉक्समध्ये किंवा मोटरीवर एक सुरक्षा स्विच बसवलेला असतो. दांडा न्यूट्रलच्या खाचेत किंचित पुढे-मागे हलवत चावी फिरवून पाहावी. तेवढ्याने सेल्फ लागला तर तो स्विच किंवा गिअरची केबल जुळवून घ्यावी लागेल. हा स्विच कायमचा जोडून टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती अत्यंत धोक्याची आहे : गिअरमध्ये सुरू झालेली मोटर होडीला अचानक झटका देते आणि उभा असलेला माणूस थेट पंख्याच्या बाजूला पडू शकतो.

त्यानंतर बॅटरीचा मुख्य स्विच, टर्मिनलची पकड आणि मोटरीच्या झाकणाखालील फ्यूज तपासावा. बहुतेक मोटरींत हा फ्यूज २० किंवा ३० अँपिअरचा असतो आणि जवळच क्लिपमध्ये एक सुटा फ्यूजही दिलेला असतो. नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी घासून धातूला टेकली आहे असे समजावे आणि मोठा फ्यूज लावून वेळ मारून नेऊ नये. फ्यूज चांगला असेल तर मोटर आणि कंट्रोल बॉक्स यांच्यामधील अनेक पिनांचा जोड उघडून पाहावा. हिरवट झालेली एकच पिन सारे काम थांबवते.

३. सेल्फ जोरात फिरतो, पण मोटर सुरू होत नाही. सेल्फ बदलावा का?

नाही. फ्लायव्हील नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर सेल्फने त्याचे काम केले आहे. सर्वप्रथम किल स्विचची (मोटर तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) लाल क्लिप जागेवर आहे का ते पाहावे. अनेक मोटरींत क्लिप निघालेली असली तरी सेल्फ फिरतो, मात्र ठिणगी पडत नाही. घाईत ही गोष्ट हमखास सुटते.

यानंतर इंधन पाहावे : टाकीची हवेची चावी उघडी आहे का, पंपाचा फुगा दाबून घट्ट झाला का, थंड मोटरीला चोक दिला का. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरींबाबत एक खास कारण आहे. या मोटरी पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायच्या असतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर चालवून कार्बोरेटरमधील रॉकेल संपवायचे असते. काल संध्याकाळी मोटर रॉकेलवरच बंद केली असेल तर आज सकाळी थंड कार्बोरेटरमध्ये रॉकेल भरलेले असते आणि ते सहजासहजी पेटत नाही. मग माणूस सेल्फ फिरवत राहतो, बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि शेवटी दोषही सेल्फलाच मिळतो. अशा वेळी कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून रॉकेल भांड्यात उतरवून घ्यावे आणि पेट्रोल भरून पुन्हा प्रयत्न करावा.

४. एकदाच जोराचा ‘टक्’ आवाज येतो, किंवा ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज येतो. दोन्हींत फरक आहे का?

आहे, आणि तो उपयोगी आहे. सलग टकटक म्हणजे रिले ओढला जातो, भार पडताच व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. याचे कारण बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल हे असते. बॅटरीची तपासणी प्रश्न ५ मध्ये दिली आहे.

एकच ‘टक्’ येऊन शांतता पसरली तर रिले ओढला गेला आहे, पण सेल्फ फिरलेला नाही. येथे तीन शक्यता आहेत : रिलेचे आतले संपर्क जळलेले आहेत, सेल्फचे ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले किंवा अडकले आहेत, किंवा मोटरच आतून अडलेली आहे. तिसरी शक्यता आधी दूर करावी, कारण तीच सर्वांत महाग पडते. त्यासाठी प्रश्न ९ पाहावा. मोटर हाताने फिरत असेल तर चावी फिरवलेली असताना सेल्फच्या जाड टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा. तेथे १० व्होल्टच्या आसपास मिळत असूनही सेल्फ हलत नसेल तर दोष सेल्फमध्ये आहे. तेथे काहीच मिळत नसेल, पण रिलेच्या बॅटरीकडील टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज असेल, तर रिले बदलावा.

५. बॅटरी १२ व्होल्ट दाखवते, तरी दुकानदार ती उतरली म्हणतो. हे कसे?

दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. काही तास विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी जास्त आकडा दाखवते, म्हणून तो आकडा धरू नये.

मात्र विश्रांतीच्या व्होल्टेजवरून पूर्ण निकाल लागत नाही. मीटर बॅटरीच्या खुंट्यांवर धरून सेल्फ फिरवावा. आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी एक तर उतरलेली आहे किंवा तिचे एखादे घर (सेल) निकामी झाले आहे. आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजावे. चार्ज करूनही तीच घसरण दिसली तर ती बॅटरी समुद्रात नेऊ नये. पाण्याच्या बॅटरीत प्लेटा उघड्या पडू देऊ नयेत आणि केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार प्लेटांचे नुकसान करतात.

६. बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी सेल्फ रडतरडत फिरतो. आता काय उरले?

वायरी आणि जोड उरले. किनाऱ्यावरच्या बोटींत खरा शत्रू बहुधा येथेच असतो, आणि दुर्दैवाने चांगले सेल्फ बदलण्यावर सर्वाधिक पैसा याच कारणाने वाया जातो. सेल्फ फिरताना ओढला जाणारा प्रवाह मोठा असतो. मध्यम मोटरीसाठी तो १०० अँपिअर धरू. जोडामध्ये केवळ ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी त्या एका ठिकाणी २ व्होल्ट नाहीसे होतात आणि २०० वॉटची उष्णता तयार होते. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजून हा अडथळा दिसत नाही, वायर ‘चालू’ असल्याचेच कळते. म्हणून भार असतानाच मोजमाप करावे लागते.

पद्धत अशी आहे. प्रथम मोटर सुरू होणार नाही याची सोय करावी. बहुतेक मोटरींत किल स्विचची क्लिप काढली की पुरते. ज्या मोटरींत क्लिप काढल्यावर सेल्फही बंद होतो, त्यांत प्लग काढून प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला पक्क्या टेकवून ठेवाव्यात. त्या लोंबत्या ठेवल्या तर सीडीआय हा ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक संच जळू शकतो आणि उघडी ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ पडते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर धरावे. खुंटीवर म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नव्हे. काळे टोक सेल्फच्या जाड टर्मिनलवर धरून सोबत्याला तीन-चार सेकंद चावी फिरवायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर काळे टोक एकेक जोड मागे आणत जावे. ज्या जोडावरून मागे येताच आकडा एकदम कमी होतो, तो जोड दोषी. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या लोखंडी अंगापर्यंतही अशीच तपासणी करावी.

बाहेरून चकचकीत दिसणारी थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) येथे फसवते. थिंबलमागचे प्लॅस्टिकचे आवरण दोन बोटे सोलून पाहावे : चांगले तांबे लालसर चमकते, खाऱ्या पाण्याने खाल्लेले तांबे काळे-हिरवे होऊन चिमटीत पिठासारखे गळते. क्षार केशाकर्षणाने तारांच्या आतून वर चढत जातो, त्यामुळे केवळ टोक घासून उपयोग होत नाही. चांगले तांबे लागेपर्यंत वायर कापावी, किंवा पूर्ण केबलच बदलावी. नवी केबल कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्यावी आणि थिंबलवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी. बॅटरी दूर, नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) ठेवलेली असेल तर त्या अंतरासाठी केबल अधिक जाड लागते.

७. पॉझिटिव्ह बाजू ठीक निघाली, निगेटिव्ह बाजूला मात्र एक व्होल्ट पडतो. बॅटरीचे टर्मिनल तर स्वच्छ आहे.

बहुतेक सेल्फना निगेटिव्हसाठी स्वतंत्र वायर नसते. प्रवाह सेल्फच्या अंगातून, त्याच्या बोल्टांतून आणि मोटरीच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीतून परत जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की पांढरी भुकटी तयार होते आणि ती वीज नीट जाऊ देत नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून मगच सेल्फ उतरवावा, बैठकीचे पृष्ठ आणि बोल्टांची टोके धातू दिसेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासावीत, घट्ट बसवावे आणि त्यानंतर बाहेरून गंजरोधक फवारा किंवा रंग द्यावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी रंग आणि मग बोल्ट, तर रंगच अडथळा ठरतो.

८. सेल्फ ‘घुर्र’ करून मोकळाच फिरतो, मोटर पकडत नाही. कधी कधी मात्र पकडतो.

बेंडिक्स वर चढत नाही. मीठ, जुने ग्रीस आणि ब्रशची काळी भुकटी यांचा चिकट थर पेचदार खाचांत बसलेला असतो. सेल्फ उतरवून दांडा आणि बेंडिक्स योग्य द्रावणाने धुवावे, कोरडे करावे आणि पातळ तेलाचा केवळ हात फिरवावा. येथे जाड ग्रीस भरण्याचा मोह आवरावा, कारण तेच ग्रीस पुढच्या हंगामात पुन्हा तोच बिघाड आणते. परतीची स्प्रिंग तुटली आहे का तेही पाहावे.

बॅटरी कमजोर असली तरी बेंडिक्सला पुरेसा झटका बसत नाही, म्हणून प्रश्न ५ ची तपासणी आधी उरकावी. बेंडिक्स स्वच्छ, बॅटरी भरलेली, तरी एखाद्या विशिष्ट जागीच पकड सुटत असेल तर फ्लायव्हीलचे दाते पाहावेत. मोटर बंद होताना विशिष्ट ठिकाणीच थांबण्याकडे तिचा कल असतो, त्यामुळे दातेही त्याच भागात जास्त झिजतात.

९. सेल्फ अर्धा फेरा देऊन ‘ठक्’ असा अडतो. जोर लावून फिरवत राहावे का?

अजिबात नाही. सिलिंडरमध्ये पाणी किंवा इंधन भरलेले असू शकते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन तेथेच अडतो आणि जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडावी, सर्व प्लग काढावेत, प्लगच्या भोकांवर कापड ठेवावे आणि फ्लायव्हील घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हाताने सावकाश फिरवावे. पाणी बाहेर आले तर ते कुठून आले याचा शोध घेतल्याखेरीज मोटर सुरू करू नये. हेड गॅस्केट फुटलेले असणे हे एक नेहमीचे कारण आहे. प्लग काढूनही फ्लायव्हील हलत नसेल तर मोटर जॅम झालेली आहे आणि सेल्फचा प्रश्नच उरत नाही.

१०. चावी सलग किती वेळ फिरवलेली चालते?

एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, आणि चार-पाच प्रयत्नांनंतर सेल्फला हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर पूर्ण थंड होऊ द्यावा. सेल्फला थंड ठेवणारा पंखा नसतो, आणि आतले डाख व वेष्टन उष्णतेने सुटतात. मोटर जमिनीवर असेल तर आणखी एक बंधन पाळावे : पाण्याची जोडणी न करता ती सुरू होऊ देऊ नये, कारण पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो.

११. हातोडीने दोन टोले दिले की सेल्फ चालतो. असे करत राहिलो तर काय होईल?

टोल्याने अडकलेला ब्रश सुटतो किंवा आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) किंचित सरकते, म्हणून सेल्फ चालतो. परंतु आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये अंगाच्या आतून कायमचुंबक चिकटवलेले असतात आणि ते ठिसूळ असतात. हातोडीने चुंबकाचा तुकडा पडला की तो आर्मेचरमध्ये अडकतो आणि शंभर-दोनशे रुपयांच्या ब्रशचे काम पूर्ण सेल्फवर जाते. समुद्रात अडचण आलीच तर लाकडी मुठीने हलके ठोकून किनारा गाठावा, आणि त्याच दिवशी सेल्फ उघडावा.

१२. सेल्फ स्वतः उघडून ब्रश बदलता येतात का?

हात सराईत असेल तर येतात. उघडण्यापूर्वी झाकणे आणि अंग यांच्यावर एक उभी खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसवताना चुंबकांची दिशा चुकत नाही. लांब बोल्ट सोडून झाकण काढताना वॉशर किती आणि कोणत्या बाजूला होते याचे छायाचित्र घ्यावे. ब्रशची किमान लांबी पुस्तिकेत दिलेली असते. ब्रश त्याहून कमी उरला असेल, स्प्रिंग ढिली झाली असेल किंवा ब्रश घरात मोकळा सरकत नसेल तर पूर्ण संच बदलावा.

आर्मेचरवरील तांब्याच्या पट्ट्या काळ्या झाल्या असतील तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ कराव्यात आणि पट्ट्यांमधील खाचांतील भुकटी काढावी. मल्टिमीटरने पाहिल्यास पट्ट्या एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या पाहिजेत, मात्र कोणतीही पट्टी दांड्याशी जोडलेली दिसता कामा नये. तशी दिसली तर आर्मेचर बाद. दोन्ही टोकांच्या बुशांना (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना) तेलाचा एकेक थेंब पुरतो. ब्रशवर किंवा पट्ट्यांवर तेल अथवा गंजरोधक फवारा कदापि मारू नये. बंद करताना झाकणाचे रबरी सील नवे टाकावे. जुने सील वाचवण्यात शहाणपण नाही, पाणी तेथूनच आत जाते.

१३. चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. लगेच काय करावे?

बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. स्विच नसेल तर निगेटिव्ह केबल सोडावी, आणि त्यापूर्वी आसपास पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करावी, कारण केबल निघताना ठिणगी पडते. रिलेचे संपर्क वितळून चिकटले आहेत. उतरलेल्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने रिले फडफडतो आणि संपर्क असे चिकटतात. रिले बदलावा, आणि सोबत बॅटरीही तपासावी. क्वचित दोष चावीच्या स्विचमध्ये असतो : रिलेकडे जाणारी बारीक वायर सोडल्यावर सेल्फ थांबला तर तसे समजावे.

मोटर व्यवस्थित चालू असताना मुख्य स्विच बंद करण्याची चूक मात्र करू नये. बॅटरी अचानक तुटली की चार्जिंगचा रेक्टिफायर (मोटरीत तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) जळू शकतो. सेल्फ अडकलेला असताना हा धोका पत्करावा लागतो, एरवी नाही.

१४. दोरी ओढली की मोकळी येते, किंवा परत आत जात नाही, किंवा अजिबात ओढली जात नाही.

हे तीन वेगळे बिघाड आहेत. दोरी मोकळी येणे म्हणजे खटका बाहेर येत नाही. त्याची लहान स्प्रिंग तुटलेली असते किंवा जुन्या ग्रीसने तो चिकटलेला असतो. दोरी परत न जाणे म्हणजे मुख्य स्प्रिंग तुटली, सुटली किंवा तिचा ताण कमी झाला. दोरी ओढलीच जात नसेल तर आधी गिअर पाहावा, कारण दोरीच्या स्टार्टरलाही गिअरचे कुलूप असते. न्यूट्रलमध्ये असूनही अडत असेल तर त्या कुलपाची बारीक केबल गंजली किंवा सरकली असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण उतरवून फ्लायव्हील हातानेही फिरत नसेल तर प्रश्न ९ पाहावा.

चकरी उघडताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे असावेत. ताणलेली स्प्रिंग पोलादी पट्टीची असते आणि निसटली तर चेहऱ्यावर येते. घाई असेल त्या दिवशी हे काम हाती घेऊ नये.

१५. दोरी बदलताना लांबी आणि ताण कसा ठरवावा?

जुन्या दोरीइतकीच लांब आणि तितकीच जाड, विणलेली नायलॉन दोरी घ्यावी. जाड दोरी ‘मजबूत’ वाटते, पण ती चकरीत मावत नाही. टोके मेणबत्तीवर वितळवून गाठ पक्की करावी. ताण देण्याचे फेरे पुस्तिकेप्रमाणे द्यावेत. दोरी पूर्ण बाहेर ओढल्यावरही चकरी हाताने आणखी थोडी फिरायला हवी; ती फिरत नसेल तर स्प्रिंग शेवटपर्यंत आवळली गेली आहे आणि ती लवकरच तुटेल, म्हणून एक फेरा कमी करावा. उलट, दोरी सोडल्यावर मूठ पूर्ण जागेवर येत नसेल तर एक फेरा वाढवावा. चिर पडलेली किंवा केसाळ झालेली दोरी तुटेपर्यंत वापरू नये.

१६. समुद्रात सेल्फ आणि दोरी दोन्ही बंद पडले. काही उपाय आहे का?

लहान-मध्यम मोटरींत आहे. फ्लायव्हीलच्या माथ्यावर खाच असते आणि मोटरीसोबत तात्पुरती दोरी दिलेली असते. होडी नांगरून ठेवावी, गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची दोनदा खात्री करावी, कारण या पद्धतीत गिअरचे कुलूप काम करत नाही. दोरीच्या स्टार्टरचे झाकण बोल्ट सोडून काढावे, दोरीची गाठ खाचेत अडकवावी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक-दोन वेढे घ्यावेत आणि मागे कोणी उभे नाही हे पाहून एका दमात ओढावे. दोरी हाताभोवती गुंडाळू नये.

मोटर सुरू झाल्यावर उघडे फ्लायव्हील वेगाने फिरत असते. सैल शर्ट, गमछा, जाळे यांपैकी काहीही जवळ येऊ देऊ नये, ते झाकण पुन्हा बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि सरळ किनाऱ्याकडे यावे. मोठ्या मोटरींत, आणि बॅटरीशिवाय इंधन न देणाऱ्या इंजेक्शनच्या काही मोटरींत, हा उपाय लागू पडत नाही. त्या बोटींवर दुसरी भरलेली बॅटरी असावी, आणि वल्ही तर प्रत्येक होडीवर असावीतच.

१७. शेजारच्या ट्रॉलरच्या बॅटरीवरून मोटर सुरू करून घेता येईल का?

ट्रॉलरवर पुष्कळदा २४ व्होल्टची व्यवस्था असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. २४ व्होल्ट आउटबोर्डला लावले तर इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. त्यांतील एक बॅटरी पूर्णपणे सोडवून घेतली तर ती १२ व्होल्टची म्हणून वापरता येते. जोडताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह याची खात्री करावी. क्षणभर उलटी जोडणी झाली तरी रेक्टिफायर जातो. शेवटचा जोड बॅटरीपासून दूर, मोटरीच्या धातूवर करावा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

१८. गाडीचा सेल्फ किंवा लिथियमची बॅटरी चालेल का?

गाडीचा सेल्फ चालत नाही. दात्यांचे माप, फिरण्याची दिशा आणि बैठक जुळत नाही, आणि खाऱ्या हवेपासून बचाव करणारे सील त्याला नसते. लिथियमची बॅटरी केवळ मोटर-उत्पादकाने मान्य केली असेल तरच लावावी. तिचे संरक्षक सर्किट मोठा प्रवाह पाहून एकाएकी बंद होऊ शकते, आणि तसे मोटर चालू असताना झाले तर प्रश्न १३ मधील रेक्टिफायरचाच धोका उभा राहतो.

१९. हंगामात नियमित काय करावे?

रोज किनाऱ्यावर आल्यावर मोटर गोड्या पाण्याने फ्लश करावी आणि वरचे झाकण काढून ओल्या फडक्याने आतले मीठ पुसावे. प्रेशरच्या पाइपने झाकणाखाली फवारा मारू नये, त्याने खारे पाणी जोडांच्या आत ढकलले जाते. झाकण लगेच बंद न करता आत वारा लागू द्यावा.

महिन्यातून एकदा बॅटरीचे टर्मिनल सोडून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून घट्ट बसवावेत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावू नये. रिलेच्या जाड नटांवर पाना फिरवून पाहावा. सेल्फच्या अंगावरचा रंग उडाला असेल तेथे लगेच रंग लावावा. गंज तेथूनच पोखरत आत जातो. ज्यांच्याकडे सेल्फ आहे त्यांनी अधूनमधून दोरीनेही मोटर सुरू करावी, म्हणजे अडचणीच्या वेळी दोरीचा खटका चिकटलेला निघणार नाही.

२०. पावसाळ्यात मोटर बंद ठेवताना सेल्फसाठी काय करावे?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि बऱ्याच होड्या त्यापुढे नारळी पौर्णिमेपर्यंत ओढलेल्याच राहतात. एवढ्या दमट काळात न फिरलेला सेल्फ आतून गंजून बसतो. बॅटरी काढून घरी, कोरड्या जागी ठेवावी आणि दर महिन्याला पूर्ण चार्ज करावी. मोटर उभी ठेवावी, बेंडिक्सची सफाई प्रश्न ८ प्रमाणे करून ठेवावी. ताडपत्री गच्च आवळू नये. खाली हवा खेळली नाही तर आत घाम धरतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा फ्लायव्हील हाताने थोडे फिरवावे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चावी फिरवण्यापूर्वी इंधनाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे पाहावे. पेट्रोल गळत असताना पडलेली सेल्फची ठिणगी होडी पेटवू शकते.

२१. होडी उलटून मोटर समुद्रात बुडाली होती. पाणी काढल्यावर मोटर सुरू झाली, सेल्फही चालला. मग सेल्फ उघडायची गरज आहे का?

आहे. सेल्फ त्या दिवशी चालतो, कारण ताज्या खाऱ्या पाण्याने अजून काही खाल्लेले नसते. काही दिवसांतच खालचा बुश गंजून आर्मेचर धरून ठेवतो आणि ब्रशच्या स्प्रिंगा तुटतात. मोटर वर काढल्याबरोबर ती गोड्या पाण्याने धुवावी, प्लग काढून पाणी उतरवावे, सिलिंडरमध्ये तेल सोडावे आणि शक्य तितक्या लवकर जाणकाराकडे न्यावी. मोटर चालू असतानाच बुडाली असेल तर आधी प्रश्न ९ वाचावा. सेल्फ त्याच दिवशी उघडून गोड्या पाण्याने धुवावा, उन्हात किंवा कोमट हवेत पूर्ण वाळवावा, बुशांना तेल देऊन नव्या सीलसह बंद करावा. रिले आणि न्यूट्रलचा सुरक्षा स्विच वाचतीलच असे नाही. ते सुटे आणून ठेवावेत.